प्रार्थनेचे उत्तर आणि त्याची पावती : मंगळवेढा-पंढरपूर परिसरातील संतकथांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. मृग कोरडा गेला तरी येथील शेतकरी फारसा खचत नाही. त्याची भिस्त उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांवर असते. परतीचा पाऊस वेळेवर झाला तर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी राहते. तो चुकला तर माणसे गाव सोडतात. अशा प्रदेशात देवाकडे मागणे मागणे हा केवळ आध्यात्मिक जीवनाचा भाग राहत नाही, तो जगण्याच्या व्यवहाराचाच भाग होतो. देव ऐकतो, धावून येतो, भक्ताची लाज राखतो, ही धारणा या जिल्ह्यातील संतकथांच्या मुळाशी आहे. महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेतील 'देव धावला' अशा स्वरूपाच्या काही अत्यंत प्रसिद्ध कथा मंगळवेढा आणि पंढरपूर या दोन गावांच्या दरम्यान घडतात, ही गोष्ट योगायोगाची मानता येत नाही.

या कथांचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन पद्धतींनी झाला. एका पद्धतीत चमत्कार जसाच्या तसा स्वीकारला जातो किंवा त्याला रूपक ठरवून त्यातून अध्यात्मपर अर्थ काढला जातो. दुसऱ्या पद्धतीत चमत्काराचे टरफल काढून टाकून आत एखादा शक, एखादा सुलतान, एखादा दुष्काळ हाती लागतो का, एवढेच पाहिले जाते. न्यायमूर्ती रानडे यांनी संतांच्या कार्यात राष्ट्रघडणीची पूर्वतयारी पाहिली, तर इतिहासाचार्य राजवाडे यांना 'संताळे' म्हणून त्याच परंपरेत निष्क्रियता दिसली. मात्र एक प्रश्न या सर्व चर्चेत बाजूला पडतो. प्रार्थनेला उत्तर मिळाले असे जेव्हा लोक म्हणत, तेव्हा उत्तर म्हणून नेमकी कोणती गोष्ट ते मोजत? ते उत्तर कोणाच्या हातून येई आणि कोणापर्यंत पोहोचत नसे? चमत्कार घडला की नाही, हे ठरविण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. पण तो कोणत्या रूपात सांगितला गेला, याची छाननी मात्र इतिहासाला करता येते.

सोन्नलिगेचा सिद्धराम

या विचाराचा आरंभ खुद्द सोलापूर शहरापासून करावा लागतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे, म्हणजे तत्कालीन सोन्नलिगेचे, ग्रामदैवत होत. त्यांचे चरित्र राघवांक या कन्नड कवीने तेराव्या शतकात लिहिले. बालवयातील सिद्धराम मल्लिकार्जुनाच्या शोधात श्रीशैलास जातो, देव दिसत नाही म्हणून कड्यावरून उडी घेतो आणि देव त्याला वरच्यावर झेलतो, ही कथा सोलापुरात घरोघरी ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र तितक्या गांभीर्याने घेतला जात नाही. दर्शन झाल्यावर देव सिद्धरामाला आपल्याजवळ ठेवून घेत नाही. गावी परत जा आणि तेथेच श्रीशैल उभे कर, अशी आज्ञा तो करतो. आज्ञेप्रमाणे सिद्धराम परततो, लिंगांची स्थापना करतो आणि तलाव खोदवितो. सिद्धेश्वराचा तलाव आजही शहराच्या मध्यभागी भुईकोट किल्ल्याला लागून आहे.

येथे प्रार्थनेचे उत्तर पाण्याच्या रूपाने मिळते, परंतु ते आकाशातून पडत नाही. माणसांच्या हातून, मातीच्या पाट्या वाहून ते जमिनीत खोदावे लागते. शरणांच्या कायकविचाराशी हे सुसंगतच आहे. पुढील काळातील भीमेच्या खोऱ्यातील कथांशी तुलना करताना हा नमुना ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

दामाजीपंत : दुष्काळ, कोठार आणि रसीद

चौदाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले आणि मंगळवेढ्याचा प्रदेश त्याच्या अमलाखाली आला. या राज्यात दुष्काळ आणि प्रार्थना यांचा संबंध केवळ हिंदू प्रजेपुरता नव्हता. फिरिश्त्याने दिलेल्या वृत्तान्तानुसार अहमदशहा पहिला (१४२२–१४३६) याच्या कारकिर्दीच्या आरंभी सलग अवर्षण पडले. तेव्हा सुलतान स्वतः गावाबाहेरच्या उंचवट्यावर गेला, त्याने ईश्वराची करुणा भाकली आणि पाऊस आला. तेव्हापासून लोक त्याला 'वली', म्हणजे संत, म्हणू लागले. त्याच्याही आधी महंमदशहा दुसरा (१३७८–१३९७) याने दुष्काळात माळवा आणि गुजरातकडे दहा हजार बैल धाडून धान्य आणविले आणि ते स्वस्त दराने विकविले, असे हाच इतिहासकार नमूद करतो. एकाच राजघराण्याच्या इतिहासात दुष्काळाला दिलेली दोन उत्तरे अशी शेजारी शेजारी नोंदली गेली आहेत. बैल धाडणाऱ्याला संतपद मिळाले नाही, हेही येथे नोंदवावयास हवे.

दामाजीपंतांची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मंगळवेढ्याच्या सरकारी धान्यकोठारांचा अधिकार दामाजीपंतांकडे होता. मोठा दुष्काळ पडला. पंढरपूरचा एक भुकेला ब्राह्मण त्यांच्या घरी जेवावयास बसला असता घरच्या उपाशी मुलांच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून दामाजींनी पादशहाच्या परवानगीवाचून कोठारे लोकांसाठी खुली केली. चहाडी बेदरला पोहोचली आणि दामाजींना कैद करून आणण्याचा हुकूम सुटला. वाटेत पंढरपूरला विठ्ठलाचे शेवटचे दर्शन घेण्याची मुभा त्यांनी मागून घेतली. इकडे विठू महार नावाचा एक मनुष्य बेदरच्या दरबारात हजर झाला; त्याने लुटविलेल्या धान्याची किंमत मोजली, रसीद घेतली आणि तो निघून गेला. ती रसीद दामाजींना आपल्या पोथीत सापडली. पुढे बेदरला पोहोचल्यावर पादशहाने त्यांचा सत्कार केला आणि तो विठू कोठे आहे, अशी पृच्छा केली.

या कथेची कालनिश्चिती सोपी नाही. लोकस्मृतीत दामाजींचा दुष्काळ हाच दुर्गादेवीचा दुष्काळ होय. ग्रँट डफने दुर्गादेवीच्या दुष्काळाचा आरंभ १३९६ मध्ये धरला असून तो बारा वर्षे टिकला असे म्हटले आहे. पण १३९६ ते १४०८ या काळात बहमनींची राजधानी गुलबर्गा होती; ती बेदरला गेली अहमदशहाच्या कारकिर्दीत. म्हणजे दामाजी, दुर्गादेवी आणि बेदरचा पादशहा ही तिन्ही एका काळात बसत नाहीत. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांमध्ये १४६० च्या सुमाराच्या अवर्षणाला दामाजीपंतांचा दुष्काळ असे म्हटलेले आढळते, आणि बेदरच्या दृष्टीने हा काळ अधिक जुळतो. मात्र मग एक नवीच अडचण उभी राहते. १४५८ ते १४६१ या काळात बेदरच्या गादीवर हुमायूनशहा होता आणि इतिहासात तो 'जालीम' या विशेषणाने ओळखला जातो. कथेतील गुणग्राही पादशहा आणि बखरकारांचा जालीम हुमायून यांचा मेळ घालणे अवघड आहे. कदाचित याच कारणाने कथेने पादशहाला नाव दिले नसावे. ते काही असले तरी अनेक दुष्काळांची आठवण एका नावाभोवती गोळा झाली, एवढे निश्चितपणे म्हणता येते. दुष्काळ पुष्कळ पडले, कोठार उघडणारा अधिकारी मात्र लोकांना एकच आठवला.

कालनिर्णयापेक्षाही कथेतील एक तपशील अधिक बोलका आहे, तो म्हणजे रसीद. देवाला पादशहाचे मन पालटविता आले असते. कोठारे रातोरात पुन्हा भरता आली असती. भक्तिकथांमध्ये असे प्रसंग विपुल आहेत. दामाजींच्या कथेत तसे घडत नाही. धान्य गेले ते गेलेच, त्याची किंमत सरकारात भरली जाते आणि भरण्याचा लेखी पुरावा मागून घेतला जातो. म्हणजे ज्या लोकांनी ही कथा घडविली, त्यांच्या कल्पनेतील देव राज्याचा कायदा मोडीत नाही, तो हिशेब चुकता करतो. सरकारी धान्य बिनहुकूम वाटणे हा गुन्हा होता, हे कथा नाकारीत नाही. तिचे म्हणणे इतकेच की भुकेल्याला अन्न देणे योग्यच होते आणि त्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. दामाजींनी कोठार उघडले ते देव पैसे भरील या भरवशावर नव्हे. शिक्षा होणार हे गृहीत धरूनच. प्रार्थनेपूर्वी कृती झालेली आहे, हा या कथेचा कणा होय.

ही कथा आज ज्या रूपात सर्वपरिचित आहे त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात महिपतींच्या 'भक्तविजय' या ग्रंथाला जाते. तो शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, पूर्ण झाला. महिपती हे ताहाराबादचे आणि तेथील कुलकर्णीपद त्यांच्या घराण्यात होते. दप्तर, वसूल, पावती यांचे जग त्यांना घरचे होते. रसिदीचा तपशील त्यांनी नव्याने घातला असे म्हणता येणार नाही. तो परंपरेतून आलेला असावा. परंतु कुलकर्ण्याच्या लेखणीला तो किती सहज पेलला असेल, याची कल्पना करता येते. पुढे १९३३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने 'भक्तविजया'चे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले आणि ही कथा मराठीबाहेर पोहोचली.

विठू महारच का?

देवाने महाराचे रूप घेतले, याचा अर्थ सामान्यतः देवाची नम्रता किंवा भक्तवात्सल्य असा सांगितला जातो. कीर्तनात हा भाग विशेष रंगविला जातो : खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पादशहापुढे केलेला जोहार. या वर्णनात भाव आहे, यात शंका नाही. पण त्यापलीकडे एक साधे व्यावहारिक कारणही आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

गावगाड्यात महाराकडे असलेल्या कामांची यादी मोठी होती. वेशीची राखण करणे, गावाच्या हद्दी दाखविणे, सरकारी माणसांच्या दिमतीला राहणे, टपाल पोहोचविणे आणि गावचा वसूल सरकारी खजिन्यात नेऊन भरणे ही त्यांपैकी काही. पाटील-कुलकर्णी वसूल जमा करीत. ती रक्कम ठाण्यापर्यंत सुरक्षित नेण्याची जबाबदारी महाराची असे. तेव्हा मंगळवेढ्याहून बेदरला भरणा घेऊन कोणी गेले असेल, तर तो महारच असणे हे तत्कालीन श्रोत्याला अगदी स्वाभाविक वाटले असेल. देवाने येथे काही अलौकिक रूप घेतलेले नाही. जो मनुष्य हे काम नित्य करीत असे आणि ज्याच्या प्रामाणिकपणावर संपूर्ण वसूलव्यवस्था विसंबून होती, त्याचेच रूप त्याने घेतले. बेदरच्या पादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा महार समाजात दीर्घकाळ सांगितली जात असे. ती सामान्यतः अमृतनाक या वीराच्या इमानाशी जोडलेली आहे. त्या परंपरेची ऐतिहासिकता स्वतंत्रपणे तपासावी लागेल. परंतु बेदरचा दरबार, विश्वासाने केलेली कामगिरी आणि सही-शिक्क्याचा कागद हे तिन्ही घटक तिच्यातही आहेत, हे लक्षणीय आहे. फरक एवढाच की तेथे कागद महाराच्या हाती राहतो आणि दामाजींच्या कथेत तो ब्राह्मण अधिकाऱ्याच्या पोथीत जाऊन पडतो.

कान्होपात्रा

मंगळवेढ्याचीच दुसरी कथा कान्होपात्रेची. श्यामा नावाच्या गणिकेची ही कन्या वारकऱ्यांबरोबर पंढरीस गेली आणि तेथेच राहिली. तिच्या रूपाची वार्ता बेदरला पोहोचली आणि तिला घेऊन जाण्यासाठी शिपाई आले. तिने विठ्ठलाला साकडे घातले आणि त्याच्या चरणी तिचे प्राण गेले. तेथे तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे आणि मंदिराच्या आवारात ते झाड दाखविले जाते. देवाने तिचे ऐकले, असे परंपरा मानते. दामाजींच्या वेळी देव बेदरला चालत गेला. कान्होपात्रेच्या वेळी तो जागचा हलला नाही. अधिकाऱ्याची सुटका सत्कारात झाली आणि गणिकेच्या मुलीची मृत्यूत. दोन्ही कथांमध्ये बेदर एकच आणि देवही एकच, तरीही उत्तरात एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न कथेने विचारलेला नाही. तो विचारला एका तिसऱ्याच घराने.

चोखोबांचे मागणे

कालानुक्रमाने पाहता चोखामेळा हे दामाजींच्या पुष्कळ आधीचे. ते नामदेवांचे समकालीन होते आणि मंगळवेढ्यास त्यांचे वास्तव्य होते. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा अशा संपूर्ण कुटुंबाच्या नावावर अभंगरचना आहे. जगाच्या धार्मिक इतिहासात असे उदाहरण क्वचितच सापडेल. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम सुरू असताना भिंत कोसळली आणि तेथे कामाला लावलेल्या मजुरांत चोखोबांचाही अंत झाला. नामदेव मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यातून ज्या अस्थींमधून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी गोळा केल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली, अशी परंपरा आहे.

चोखोबांच्या चरित्रातही देव वारंवार येतो. तो त्यांच्यासमवेत जेवतो. सोयराबाईंच्या बाळंतपणात नणंदेचे रूप घेऊन राबतो. एकदा तर रात्री हाताला धरून त्यांना गाभाऱ्यात नेतो. या शेवटच्या कथेचा शेवट मात्र विचार करावयास लावणारा आहे. सकाळी चोखोबा आत सापडतात, देव बाटला असा गिल्ला होतो आणि त्यांना चंद्रभागेपलीकडे राहावयास पाठविले जाते. देवाने त्यांना आत नेले, पण आत राहू देण्याचा अधिकार देवाजवळ नव्हता. तो मंदिराच्या व्यवस्थेकडे होता. कथाकारांनी हे स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही, पण कथेची रचनाच तसे सांगते.

चोखोबांच्या अभंगांत व्याकुळता आहे, खंत आहे आणि विटाळाच्या कल्पनेला विचारलेले तर्कशुद्ध प्रश्नही आहेत. तरीही एकंदर सूर शरणागतीचा आहे. कर्ममेळ्याचा सूर वेगळा आहे. त्याच्या नावावरील अभंग संख्येने थोडे आहेत, पण आपल्याला हीन कुळात जन्म दिला याचा जाब तो देवालाच विचारतो. उष्टे खाऊन जगावे लागते, याची लाज देवाला वाटत नाही काय, असा त्याचा आशय आहे. भक्तिसाहित्यात देवाशी भांडण नवे नाही. नामदेव भांडतात, जनाबाई तर देवाला शिव्याशापही देते. परंतु त्या भांडणामागे देव आपला आहे, तो रुसवा काढील, अशी खात्री असते. कर्ममेळ्याजवळ ती खात्री उरलेली दिसत नाही. बापाने आयुष्यभर प्रार्थना केली आणि त्याचा अंत गावकुसाच्या भिंतीखाली झाला, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर ते स्वाभाविक म्हणावे लागेल. संतपरंपरेच्या अभ्यासकांनी कर्ममेळ्याला बहुधा एका परिच्छेदात उरकले आहे, हा त्याच्यावर झालेला अन्याय होय.

आता दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. गं. बा. सरदार यांनी संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीचा विचार करताना आध्यात्मिक समतेच्या मर्यादा दाखवून दिल्या. मंगळवेढ्याच्या बाबतीत ती मर्यादा जणू गावाच्या नकाशावरच आखलेली आहे. १३३८ मध्ये याच गावात एक महार संत वेठीच्या कामावर असताना भिंतीखाली सापडून मरतो आणि सुमारे सव्वाशे वर्षांनंतरच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथेत देव याच गावच्या महाराचे रूप घेऊन दरबारात जातो. दामाजींची कथा सांगणाऱ्यांना चोखोबांची समाधी ठाऊक नव्हती, असे मानणे शक्य नाही. पंढरपुरात महाद्वाराने आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या ती दृष्टीस पडत होती. देवाला महार होता येत होते. महाराला मात्र देवापुढे उभे राहता येत नव्हते. श्रोत्यांना या दोहोंत विसंगती वाटली नाही, आणि ती किती दीर्घकाळ वाटली नाही हे पाहिले म्हणजे कथेच्या माधुर्याचा दुसरा अर्थही ध्यानात येऊ लागतो. महाराचे श्रम, त्याचे इमान, त्याचा जोहार हे सर्व देवाच्या अंगावर घालून गौरविले गेले. ज्याचे ते होते, तो पायरीशीच राहिला.

याचा अर्थ वारकरी परंपरेने काहीच केले नाही, असा काढणे उतावळेपणाचे होईल. चोखोबांच्या अस्थी आणण्यासाठी नामदेव स्वतः गेले, ही स्मृती परंपरेनेच जतन केली. चोखोबांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे अभंग सवर्ण वारकऱ्यांनी गायिले, वह्यांमध्ये उतरविले, म्हणून ते आज उपलब्ध आहेत. वाळवंटात भेदभाव शिथिल होई, याचेही दाखले आहेत. नवसाने अपत्यप्राप्ती होते या समजुतीची तुकोबांनी केलेली थट्टा पाहिली, तर देवाशी देवघेवीचा व्यवहार करण्याची वृत्तीही या परंपरेने नाकारली होती, हे स्पष्ट होते. मागणे मागावे ते भक्तीचे, हा तिचा आदर्श होता. पण मंदिरात प्रवेश मिळावा हे मागणे भक्तीचे की हक्काचे? या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ परंपरेवर विसाव्या शतकात आली.

१ मे ते १० मे १९४७

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि काही वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. त्यानंतर अस्पृश्यांच्या राजकारणात मंदिरप्रवेशाचा प्रश्न मागे पडला आणि तो सवर्ण समाजाच्या विवेकाचा प्रश्न म्हणून उरला. या टप्प्यावर साने गुरुजींनी पंढरपूरचा प्रश्न हाती घेतला. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय त्यांनी जाहीर केला. आधी लोकमत जागे करावे, असा सेनापती बापट आदींचा आग्रह पडला आणि उपोषण पुढे ढकलून गुरुजींनी महाराष्ट्राचा दौरा केला. गावोगावी सभा झाल्या, अनेक ठिकाणची लहानमोठी मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूरचे महाद्वार मात्र बंदच राहिले. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ झाला.

गुरुजींची देवावर नितांत श्रद्धा होती; त्यांच्या लेखनाची पाने त्याची साक्ष देतात. तथापि या उपोषणाचे स्वरूप साकडे घालण्याचे नव्हते. देवाने दार उघडावे, अशी त्यांची मागणी नव्हती. बडव्यांनी, म्हणजे माणसांनी, ते उघडावे अशी होती. प्रार्थना देवाला आणि मागणी समाजाला, अशी स्पष्ट विभागणी येथे प्रथमच झाली. परंपरेच्या भाषेत बोलायचे तर सहाशे वर्षे चुकीच्या पत्त्यावर जात असलेला अर्ज योग्य ठिकाणी दाखल झाला. गांधीजींनी उपोषण थांबवावे असे कळविले, तरी गुरुजींनी ते चालू ठेवले. केंद्रीय विधिमंडळाचे तत्कालीन अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांनी मध्यस्थी केली, बडव्यांकडून मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाले आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई राज्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. म्हणजे येथेही उत्तर शेवटी कागदावरच आले. फक्त या वेळी तो कागद कोणाच्या पोथीत सापडला नाही, विधिमंडळात मंजूर झाला.

दामाजींच्या कथेशी या प्रसंगाचे एक साम्य नजरेत भरते. दामाजींनी भुकेल्यांसाठी स्वतःचा जीव पणाला लावला आणि गुरुजींनीही दुसऱ्यांच्या हक्कासाठी स्वतःचा. दोन्ही ठिकाणी ज्याच्या नावाने प्रार्थना होते तो मनुष्य स्वतः उपाशी किंवा बहिष्कृत नाही. ही या परंपरेची उंची आहे आणि तिची उणीवही. कोठारातून धान्य कोणी वाहून नेले, त्या वेळी रांगेत कोण पुढे होते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत ते पोहोचले का, याबद्दल दामाजींची कथा मौन पाळते. १९४७ च्या वृत्तान्तातही गुरुजींच्या प्रकृतीची काळजी पानोपानी आढळते. ज्यांच्यासाठी दार उघडावयाचे होते त्यांचा आवाज मात्र त्यामानाने क्षीण ऐकू येतो. त्यांच्यापैकी अनेकांचे लक्ष तोपर्यंत दुसऱ्या वाटेकडे लागले होते.

उपोषण सुटल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. आंबेडकरांचा अस्पृश्यतेच्या उगमासंबंधीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. चोखोबांविषयीचा आदर त्यात आहे, परंतु चोखोबांच्या वाटेने पुन्हा जाण्याची सूचना नाही. आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेताना त्यांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत कोणत्याही देवाकडे काही मागण्याची तरतूद नव्हती.